कार्बोरेटर साफ होता

मी, वेई तिंग-शान, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा जुन्या स्कूटरी दुरुस्त करून पुन्हा चालत्या करणे, राहणार तैनान शहर, देवळामागची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला, असे लिहून ठेवतो की माझी फुप्फुसे गेली असली तरी डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी दमदाटी केलेली नाही की काही पाजलेले नाही. उलट पंचवीस वर्षांपूर्वी कोणी दम भरून लिहून घेतले असते तर माझ्यावर उपकारच झाले असते. माझे याआधीचे मृत्युपत्र कोणाच्या हाती लागले तर ते रद्द समजावे. त्यात सगळे होते, फक्त खरे नव्हते.

या कागदात घर येईल, अवजारे येतील. पण कागद त्यांच्यासाठी केलेला नाही. लू चिंग-हो नावाच्या माणसाच्या माथी मी एक दोष मारला. तो दोष त्याचा नव्हता, माझा होता, आणि मला ते ठाऊक होते. तो त्याच्या माथ्यावरून उतरवण्यासाठी हा कागद आहे. घर-अवजारांचे आधी लिहितो, कारण लाजेचे लिहायचे तर आधी हात जरा सुटावा लागतो.

कलम १. दुकान आणि वरचे घर माझी एकुलती मुलगी वेई पेई-रू हिला मिळावे. ती ताइचुंगला शाळेत शिकवते, तिला दुकानाचा काही उपयोग नाही. तिने ते विकले तरी मी रोज येऊन शटर वाजवणार नाही. मात्र शेजारचे सोयाबीनच्या दुधाचे दुकानदार होंग माऊ-लिन यांना विकू नये. आठ वर्षे त्यांच्या मोरीचे पाणी माझ्या भिंतीत मुरते आहे, आणि विचारायला गेले की ते म्हणतात, वय झालं की भिंतींनाही घाम येतो.

कलम २. टपाल खात्यातली शिल्लकही पेई-रूची. तिच्या आईच्या, म्हणजे आ-सुईच्या, शेजारी माझ्या अस्थी ठेवाव्यात. भाड्याच्या रडणाऱ्या बायका आणू नयेत. मेलेल्याला तिकडे वापरायला मिळावी म्हणून लोक कागदी घर, कागदी गाडी जाळतात, तशी माझ्यासाठी कागदी स्कूटर जाळू नये. आमच्या गल्लीतला कागदीकामवाला किक डाव्या बाजूला काढतो. तिकडे जाऊन ती सुरू कशी करायची?

कलम ३. माझे पाने, पुलर, मॅग्नेट काढायची अवजारे आणि जुन्या सुट्या भागांचे बावीस डबे शहरातल्या तंत्रशाळेच्या संध्याकाळच्या दुरुस्ती वर्गाला द्यावेत. लाल पत्र्याची पेटी त्यात नाही. ती माझी नव्हतीच. ती ज्याची त्याला मी स्वतः नेऊन दिली आहे, त्याचे पुढे येईल.

कलम ४. (हे कलम बदललेले आहे. कारण सहाव्या कलमात.) दुकानात दर्शनी बाजूला उभी असलेली शेवाळी रंगाची, सत्तावन्न वर्षे जुनी इटालियन बनावटीची स्कूटर पेई-रूला मिळावी. तिला विकायची असेल तर विकावी, पण घेणाऱ्याला पुढचे समजावून सांगावे. इंजिन थंड असेल तर पेट्रोलचा कॉक उघडावा, चोक ओढावा, मुठीला हात न लावता किक मारावी. तिसऱ्या किकला ती बोलते. नाही बोलली तर शिव्या न देता प्लग काढावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. कॉक बंद करून, चोक आत ढकलून, मूठ पूर्ण पिळून सात-आठ किका माराव्यात आणि प्लग पुसून लावावा. तरीही गप्प असेल तर ठिणगीकडे वळावे, पॉइंट आणि कंडेन्सर तपासावेत. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. अशा वेळी आधी नळी पाहावी, मग जाळी, मग फ्लोटची सुई, आणि सर्वांत शेवटी जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारे बारीक भोक. जेट तारेने टोकरू नये, फुंकून साफ करावा. तारेने भोक मोठे होते आणि मग स्कूटर जन्मभर धूर काढते.

आणि सुरू होऊन दहा मिनिटे नीट चालली, मग गुदमरून बंद पडली, थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू झाली, तर कार्बोरेटरला हात लावू नये. सीट उचलून टाकीचे झाकण उघडावे आणि कान द्यावा. झाकणाला टाचणीच्या टोकाएवढे एक भोक असते. पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याची जागा भरायला तिथून हवा आत जाते. ते बुजले तर टाकी आतून पेट्रोल धरून ठेवते, सोडत नाही. हे मी तीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. ते मलाच कोणी सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

कलम ५. चिंग-हो आणि मी एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकलो. मी दहा वर्षांनी थोरला, म्हणून तो मला दादा म्हणायचा. पुढे आम्ही मिळून दुकान चालवले, पाटी मात्र माझ्या नावाची होती. पत्रा, रंग, क्रोम माझ्याकडे आणि इंजिन, कार्बोरेटर त्याच्याकडे. खरे सांगायचे तर माझ्या रंगामुळे लोक दुकानात शिरत आणि त्याच्या कार्बोरेटरमुळे परत येत. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही.

औषधाच्या दुकानाचे मालक फांग यांचा मुलगा च्युन-वेन याने लग्नासाठी ही शेवाळी स्कूटर आमच्याकडून नवी करून घेतली. त्याच्या आजोबांची होती, कोंबड्यांच्या खुराड्यात पडली होती. नवरी हिच्यावरूनच आणायची, असा त्याचा हट्ट. सात महिने आम्ही खपलो. लग्नाच्या आदल्या दुपारी चिंग-होने ती बारा किलोमीटर पळवून आणली. एकदाही अडखळली नाही.

त्या वर्षी देवळात कौल लागून मी समुद्रमातेच्या उत्सवाचा मानकरी झालो होतो. लाकडी फाशांनी सलग सात वेळा माझ्या बाजूने कौल दिला होता आणि मी गल्लीतून चालताना जरा छाती काढूनच चालत होतो. दुकानातून स्कूटर बाहेर पडते तेव्हा देवीचा ताईत सीटखाली ठेवायचा, ही आमच्याकडची रीतच. इतर दुकानदार तो कोपऱ्यात खोचून ठेवतात. मी मानकरी. मला वाटले, आपल्या हातचा ताईत नुसता खोचलेला शोभत नाही. लग्नाच्या सकाळी मी टाकी काठोकाठ भरली, तो पिवळा कागद झाकणावर नीट मध्यभागी चिकटवला, आणि पेट्रोलने शाई उतरू नये म्हणून वरून वॉर्निशचे दोन हात दिले. नवरी बरोबर त्याच्यावर बसणार, याहून चांगली जागा कुठली, असे चिंग-होला म्हटलेही. तो हसला. भोकाचे त्याच्याही ध्यानात आले नाही. देवीच्या ताईताखाली काय आहे हे आमच्या गल्लीत कोणी बघत नाही.

नवरी आनपिंगहून निघाली. मुहूर्त अकराच्या आत घरात पाऊल टाकण्याचा होता. नवरीची वरात वाटेत थांबत नाही, आल्या वाटेने मागे फिरत नाही. कालव्याच्या पुलावर स्कूटर दोनदा गुदमरली आणि बंद पडली. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवा ती कितीशी असणार. मागे फटाके चालू होते, पाहुणे ओरडत होते. च्युन-वेनने चाळीस किका मारल्या. पेट्रोल आहे का ते बघायला कोणी झाकण उघडले, लावले, तेव्हा ती सुरू झाली आणि थोड्या वेळाने देवळाच्या वळणावर पुन्हा मेली. शेवटी नवरीला मामाच्या मासळीच्या टेम्पोत बसवून आणले, तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. च्युन-वेनच्या आजीने पुढचा मुहूर्त लागेपर्यंत तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. एक वाजेपर्यंत ती मुलगी नव्या सासरच्या दारात उभी होती आणि सारी गल्ली तिच्याकडे बघत होती.

फांग दुकानात आले तेव्हा शटरपुढे तीसेक माणसे जमली होती. त्यांनी विचारले, कोणाची चूक? मी म्हणालो, "कार्बोरेटर याच्याकडे असतो." बोट दाखवले नाही, पण मान वळवली. तेव्हा मला खरेच तसे वाटत होते, एवढी एक सबब माझ्याजवळ आहे आणि ती फक्त चार दिवसांची आहे.

त्या चार दिवसांत चिंग-होने कार्बोरेटर अकरा वेळा खोलला. जेट बदलला, सुई बदलली, प्लग, पॉइंट, कंडेन्सर बदलले. आम्ही कार्बोरेटर तपासताना टाकी काढून ठेवतो आणि वर पेट्रोलची बाटली उलटी टांगतो, म्हणजे पेट्रोल किती उतरते ते दिसते. बाटलीवर स्कूटर तासन् तास चालायची. तो जेवायचा नाही. मला म्हणाला, "दादा, बिघाड आहे आणि मला दिसत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी गेलंय." मी त्याला, जेवून घे, एवढेच म्हणालो.

चौथ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना मी टाकी बसवून गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. देवळापाशी स्कूटर गुदमरली. मी उतरलो, सीट उचलली, झाकण फिरवले. टाकीने एवढा लांब श्वास आत ओढला की माझ्या बोटांना ते जाणवले. मी ताईताकडे बघितले. मग आजूबाजूला बघितले, कोणी नव्हते. नखाने मी तो कागद खरवडून काढला, घडी करून खिशात घातला, आणि भोकातले वॉर्निश टाचणीने मोकळे केले. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. दुकानापुढे परत आलो तेवढ्यात चिंग-हो ओल्या केसांनी बाहेर आला आणि त्याने विचारले, "काय होतं?" मी म्हणालो, "जेटमध्ये कचरा."

ते दोन शब्द मी जाणूनबुजून बोललो. मानकऱ्याच्या हातच्या ताईताने लग्न अडवले, हे देवळात कसे सांगायचे, याची मला भीती वाटली. पाटीवरच्या माझ्या नावाची भीती वाटली. भीती म्हणजे काही गुन्हा नव्हे, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला समजावत आलो. गुन्हा दुसऱ्या दिवशी झाला. आमच्याकडे चूक कबूल करायची तर चुकणाऱ्याने तबकात सुपारी आणि सिगारेटी घेऊन दारोदार जायचे, वाकायचे, प्रत्येकाच्या हातात द्यायचे. फांग यांच्या गल्लीत सव्वीस घरे होती. चिंग-हो सव्वीस वेळा वाकला आणि प्रत्येक दारात म्हणाला की जेट साफ करण्यात माझी हयगय झाली. देताना त्याचे दोन्ही हात मोकळे राहावेत, म्हणून तबक मी धरले होते. लोक म्हणाले, वेई किती मोठ्या मनाचा, माणसाच्या पाठीशी उभा राहिला. मी ते ऐकून घेतले. मान खाली घातली, तर तीही त्यांना विनयच वाटली.

त्यानंतर त्याचे हात गेले. तुटले-मोडले नाहीत, पण गेले. एकच नट तीनदा आवळायचा, गिऱ्हाईक निघाले की मागे धावत जाऊन पुन्हा तपासायचा. महिन्याभराने आपल्या पान्यांची लाल पेटी माझ्या कट्ट्यावर ठेवून तो छीकूला सासऱ्याच्या मासेतळ्यांवर निघून गेला. मी त्याला थांब म्हणालो नाही. अपशकुनी म्हणून फांगांनी स्कूटर विकायला काढली, ती मी घेतली. लोकांना वाटले, मला तिचा लळा आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती ती पडू नये, एवढेच मला हवे होते.

वरील मजकुरावरून सर्वांनी असे समजावे की कार्बोरेटर साफ होता. लू चिंग-हो याची काडीचीही चूक नव्हती.

कलम ६. गेल्या महिन्यात या कागदाचा पहिला मसुदा घेऊन मी पेई-रूच्या गाडीतून छीकूला गेलो. त्या मसुद्यात स्कूटर चिंग-होच्या नावे लिहिली होती. तो गुडघ्यापर्यंत बूट घालून तळ्याच्या बांधावर उभा होता. केस पांढरे झाले आहेत, पण पाठ माझ्याहून ताठ आहे.

"या मालक," तो म्हणाला. "स्कूटर बंद पडली की काय?"

दादा म्हणाला नाही. मी कागद पुढे केला. त्याने उभ्यानेच वाचला आणि पाचव्या कलमावर आल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"झाकण?" त्याने विचारले.

"हो. वर दोन हात वॉर्निश."

"आणि मी बाटलीवर तपासत बसलो."

"बाटलीवर ती कधीच बंद पडली नसती."

त्याने तळ्याच्या पाण्यात हवा खेळवणाऱ्या पंख्याकडे बोट केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "इथं आल्यावर वर्षभर या पंख्याचा नट आवळायला मी मेहुण्याला हाक मारायचो. तो हसायचा. मला वाटायचं, हातच खोटा आहे आपला. माणूस खोटा आहे हे कधी मनातसुद्धा आलं नाही बघ."

मी म्हणालो की माफी मागायला मला तोंड नाही.

"मग नको मागूस."

मी लाल पेटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने उघडली. पाने चकचकीत होते, कारण दर नववर्षाच्या आधी मी ते पुसून ठेवत आलो होतो. त्याने एक पाना उचलला, बोटाला लागलेले तेल चोळून बघितले.

"पंचवीस वर्षं तेल लावलंस," तो म्हणाला. "तोंड तेवढं उघडलं नाहीस."

त्याच्या बायकोने आम्हांला माशाची पेज दिली. जेवताना मी त्याला सांगितले की मृत्युपत्र अधिकाऱ्यासमोर करायचे आहे, दोन साक्षीदार लागतात, आणि त्याने साक्षीला यावे अशी माझी इच्छा आहे. पण अधिकाऱ्याच्या कारकुनाने बजावले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. तेव्हा स्कूटर घ्यायची की सही करायची, हे त्यानेच ठरवावे.

"स्कूटर ठेव तुझी," तो म्हणाला. "सही करतो. पण हा कागद तू मेल्यावर उघडणार ना? म्हणजे तोवर माझा जेट घाणच. आणि तू गेलास की लोक म्हणणार, बिचारा म्हातारा, जाता जाता पुण्य करून गेला. मला नको ते. तू जिवंत असताना वाचू दे त्यांना. तुझ्या तोंडाकडे बघू दे."

त्याचे म्हणणे बरोबर होते. मेल्यावर लाज वाटत नाही, म्हणूनच मी ती मेल्यानंतरसाठी राखून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचव्या कलमाची मोठ्या अक्षरांतली नक्कल दुकानाच्या शटरवर लावली आणि बाहेर खुर्ची टाकून बसलो. नऊ दिवस बसलो. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांच्यासाठी होंग यांनी ती खड्या आवाजात वाचून दाखवली, दिवसातून चार-चार वेळा, आणि कुठे थांबायचे हे त्यांना बरोबर कळत होते. देवळाच्या मंडळींनी निरोप पाठवला की यंदाच्या उत्सवाला न आलात तर बरे. ओळखीचे लोक समोरच्या बाजूने जाऊ लागले. सहाव्या दिवशी च्युन-वेन आणि त्याची बायको आली. त्याने अर्धेच वाचले. तिने शेवटपर्यंत वाचले आणि मला एकच विचारले, "मी दारात उभी होते तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"देवळाच्या मांडवात," मी म्हणालो. "सावलीला."

ती वळून निघून गेली. पेई-रूने हे सगळे पहिल्यांदा शटरवरच वाचले. ती माझ्याशी बोलते, पण जपून बोलते. तिने या कलमावर रागावू नये असे मी म्हणणार नाही.

कलम ७. कलम ५ मधील मजकूर नाकारून कोणी माझा मोठेपणा सांगू लागला, स्मरणसभेत, देवळात किंवा दुधाच्या दुकानात, तर पेई-रूने त्याला तिथेच थांबवावे. शटरवरचा कागद पावसाने गेला तर दुसरा लावावा. दुकान विकेपर्यंत तो राहावा.

हा सर्व मजकूर मी आज अधिकाऱ्यांपुढे आणि दोन साक्षीदारांपुढे स्वतः मोठ्याने वाचला. पाचवे कलम वाचताना तीन वेळा थांबलो, ते दम लागला म्हणून नव्हे. खाली माझी सही आणि नावाचा शिक्का केला आहे.

ठिकाण: तैनान
तारीख: १८ नोव्हेंबर, प्रजासत्ताक सन ११२ (इसवी सन २०२३)

मृत्युपत्र करणार: वेई तिंग-शान (सही, शिक्का)

साक्षीदार पहिला: होंग माऊ-लिन, वय ६९, राहणार शेजारी. व्यवसाय: सोयाबीनच्या दुधाचे दुकान. (सही. भिंतीबाबतचा मजकूर मान्य नाही.)

साक्षीदार दुसरा: लू चिंग-हो, वय ६५, राहणार छीकू. व्यवसाय: ~~मासेपालन~~ स्कूटर मेकॅनिक. (सही. खाडाखोड माझ्याच हातची आहे.)